रोशाच्या भट्ट्या

रोशा हे सातपुड्याच्या कोरड्या, उघड्या उतारांवर वाढणारे बारमाही गवत आहे. ते पुरुषभर किंवा त्याहूनही उंच होते. पाते चुरगाळले की गुलाबाच्या जवळचा, पण किंचित तिखट वास हाताला लागतो. म्हणूनच महाराष्ट्राच्या काही भागांत त्याला तिखाडी म्हणतात. गवती चहा आणि सिट्रोनेला ही त्याच्याच कुळातली गवते. शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी. सुगंधोपचाराच्या दुकानांत पामरोझा या नावाने छोट्या बाटल्यांतून विकले जाते ते याच गवताचे तेल. एकोणिसाव्या शतकात हे तेल गाळण्याचे मोठे केंद्र पश्चिम खानदेशात होते. आजचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्याआधी हा सगळा मुलूख एकाच खानदेश जिल्ह्यात होता. नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्राणी आणि पिंपळनेर या भागांत ओढ्यांच्या काठी रोशाच्या भट्ट्या पेटत. यांतले पिंपळनेर आता धुळे जिल्ह्यात आहे.

दिसायला एकच असणाऱ्या या गवताचे दोन प्रकार आहेत, मोतिया आणि सोफिया. मोतिया उन्हाच्या कोरड्या टेकड्यांवर तुटक ठिगळांसारखा उगवतो, तर सोफियाला दाट झाडीची सावली आणि ओलावा मानवतो. नुसते पाहून त्यांचा फरक सांगणे वनस्पतिशास्त्रज्ञांनाही अवघड जाते. नाक मात्र लगेच सांगते. मोतियाचे तेल गुलाबासारखे गोड असते. सोफियाचे तेल उग्र असते, त्यात आल्याची छटा असते आणि बाजारात ते जिंजरग्रास तेल म्हणून हलक्या भावाने जाते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ आय. एच. बर्किल यांच्या अभ्यासामुळे हा भेद शास्त्राच्या पुस्तकांत पक्का झाला. मोतिया आणि सोफिया ही नावे मात्र शास्त्रज्ञांनी दिलेली नाहीत. ती तेलवाल्यांच्या बोलण्यात आधीपासून होती आणि शास्त्राने ती तशीच उचलली.

आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत रोहिष नावाचे सुगंधी तृण येते आणि रोशाची सांगड बहुधा त्याच्याशी घातली जाते. मात्र जुन्या ग्रंथांतली सुगंधी गवते एकमेकांत इतकी मिसळलेली आहेत, की प्रत्येक उल्लेख याच गवताचा मानणे धाडसाचे ठरेल. युरोपीय नोंदींत हे गवत स्पष्टपणे येते ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. फ्रान्समधल्या लियाँ शहरात १७३५ साली जन्मलेला क्लॉड मार्टिन हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी अवधच्या दरबाराशी जोडला जाऊन लखनौत अफाट श्रीमंत झाला होता. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत बालाघाटच्या पठारावर लष्कराची जनावरे एका उंच गवतावर तुटून पडतात, हे त्याच्या नजरेस आले. त्या गवताचा वास जनावरांच्या दुधालाच नव्हे, तर मांसालाही लागत असे. मार्टिनने त्याचे बी लखनौला नेऊन लावले आणि कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांच्याकडेही पाठवले. रॉक्सबर्ग यांनी गवताला मार्टिनचेच नाव दिले. त्याच सुमारास काही युरोपीय विद्वान हिंदुस्थानातल्या सुवासिक गवतांत प्राचीन ग्रीक-रोमन ग्रंथांतले ‘नार्ड’ शोधत होते. तो शोध फोल ठरला, पण त्या नादात रोशाची कीर्ती लंडनपर्यंत पोहोचली. १८२० च्या दशकात ‘निमाडचे गवती तेल’ या नावाने ते वैद्यकीय चर्चेतही आले. निमाड म्हणजे सातपुड्याची पलीकडची बाजू. डोंगर एकच, त्यामुळे अलीकडच्या उतारांवरही तेच गवत होते.

खानदेशातल्या भट्टीचे बारकाईने केलेले वर्णन जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये, १८८० साली निघालेल्या खानदेशच्या खंडात आहे. तेल काढणारे मुसलमान होते आणि गवत आणून देणारे भिल्ल. पावसाळा सरता सरता, सप्टेंबरच्या आसपास, गवत दाण्यावर येऊ लागले की भिल्लांकडून ते विकत घ्यायचे आणि जवळ वाहते पाणी व भरपूर लाकूड आहे अशी ओढ्याकाठची जागा पाहून तिथेच भट्टी मांडायची. भट्टी गावात न उभारता गवताजवळ नेण्यामागे साधा हिशेब होता. शंभर किलो हिरव्या गवतातून अर्धा किलोदेखील तेल मिळण्याची खात्री नसते, मग ते गवत वाहून कशाला न्यायचे?

जमिनीत चारेक फूट लांब खड्डा खणून त्याची चूल करत. तिच्यावर तांब्याची किंवा लोखंडाची मोठी कढई चढे. तळाशी पाणी, त्यावर काठोकाठ भरलेले चिरलेले गवत, वरून आणखी थोडे पाणी, आणि सर्वांत वर धातूचे झाकण. झाकणाची फट कणकेने बंद करत. झाकणाच्या भोकातून बांबूची पोकळ नळी निघे. तिच्यावर कापड गुंडाळलेले, त्यावर पिठाचा लेप आणि त्यावर दोरी करकचून बांधलेली. नळीचे दुसरे टोक दुसऱ्या बंद भांड्यात जाई आणि हे भांडे ओढ्याच्या वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेले असे. खाली जाळ लागला की गवतातून निघणारी वाफ नळीवाटे थंड भांड्यात उतरून तिचे पाणी होई. भांडे भरत आले की ते हलू लागे आणि ही हालचाल हीच कारागिराची खूण असे. त्याच क्षणी नळी सफाईने काढून घ्यावी लागे. मग भांड्यातले पाणी तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळत. तेल सावकाश वर येई, ते निथळून घेत. उरलेले वासाचे पाणी टाकून देत नसत. नव्या गवताबरोबर ते पुन्हा कढईत जाई, कारण त्यातही थोडे तेल विरघळून राहिलेले असते. घड्याळ नाही, तापमापी नाही, आणि तरी आजच्या ऊर्ध्वपातनाच्या पुस्तकात सांगितलेले सगळे टप्पे या भट्टीत हजर आहेत. एक दोष मात्र होता. लोखंडी कढईतले तेल काळपट उतरते.

काढणीचा मोसमही अनुभवाने ठरलेला होता. तेल मुख्यतः फुलोऱ्यात आणि पात्यांत असते, काडीत जवळजवळ नसते. कोवळ्या गवताच्या तेलात जिरॅनिल अॅसिटेट हे रसायन जास्त असते. गवत फुलावर येऊन पिकू लागले की त्याचे जिरॅनिऑल हे गुलाबाच्या वासाचे रसायन होत जाते आणि तो वास तेलात भरतो. फार उशीर केला तर गवत वाळते आणि तेल उडून जाते. सप्टेंबर म्हणजे नेमकी मधली वेळ.

१८७९-८० साली शंभराहून अधिक भट्ट्या चालू होत्या आणि त्यांचे अंदाजे उत्पादन ७१ हंड्रेडवेट होते. आजच्या मापात ते सुमारे ३,६०० किलो भरते. एका भट्टीच्या वाट्याला हंगामभरात ३५ किलोंच्या आसपासच तेल येई. हा आकडा छोटा दिसतो, पण त्यामागे शेकडो टन गवत कापून, भारे बांधून, डोंगरातून ओढ्यापर्यंत वाहून आणणारे भिल्ल स्त्री-पुरुष होते. गॅझेटियरच्या वर्णनात चुलीच्या खड्ड्याची लांबी नोंदलेली आहे, नळीवरचा पिठाचा लेप नोंदलेला आहे; गवत कापणाऱ्यांचा उल्लेख मात्र विक्रेते म्हणून एका ओळीत संपतो.

तेल चामड्याच्या बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर लादत. एक वाट कोंडाईबारीचा घाट उतरून सुरतेला जाई. आजचा धुळे-सुरत महामार्ग याच घाटातून जातो. दुसरी वाट धुळे आणि मनमाडवरून मुंबईला जाई. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी खोऱ्यातला लोहमार्ग झाला आणि नंदुरबार सुरतेशी रुळांनी जोडले गेले.

मुंबईहून पुढे तेलाचा प्रवास अधिक रंगतदार आहे. तांबड्या समुद्रातल्या बंदरांमार्गे ते इस्तंबूलला पोहोचे. तिथे त्याला ‘इद्रिस यागी’ म्हणत, आणि युरोपातल्या बाजारात तेच ‘तुर्की जिरॅनियम तेल’ होऊन जाई. हिंदुस्थानात उगवलेले, तुर्कस्तानातून गेलेले आणि जिरॅनियमच्या झाडाशी कसलाही संबंध नसलेले हे तेल बराच काळ या नावाने विकले गेले. त्याचे खरे गिऱ्हाईक होते बल्गेरियातल्या कझानलिक खोऱ्यातले गुलाबतेल. एक किलो गुलाबतेलाला तीन ते चार टन पाकळ्या लागतात. रोशाचे तेल त्या मानाने मातीमोल. लिंबाच्या रसात घुसळून आणि उन्हात ठेवून त्याचा रंग व उग्रपणा काढत. मग ते गुलाबतेलात मिसळत, किंवा त्याहून चलाखीने, ऊर्ध्वपातनाआधीच पाकळ्यांवर शिंपडत, म्हणजे दोन्ही तेले एकजीव होऊनच बाहेर पडत. भेसळ ओळखण्याचा एक जुना उपाय थंडीचा होता. अस्सल गुलाबतेल २० अंश सेल्सिअसच्या आसपास मेणासारखे गोठू लागते, कारण त्यात मेणकट घटक असतात. रोशाच्या तेलात ते नसतात. म्हणून मिसळलेले तेल गोठायला उशीर करी. यावर भेसळ करणाऱ्यांनी व्हेल माशाच्या डोक्यातून निघणारे मेण घालायला सुरुवात केली.

याला न्याय म्हणावा की नाही कोण जाणे, पण गुलाबात भेसळ म्हणून जाणाऱ्या रोशाच्या तेलातही भेसळ असे. शुद्ध तेल क्वचितच मिळते ही तक्रार गॅझेटियरच्या काळापासूनची आहे. टर्पेंटाइन, रॉकेल, खोबरेल अशी हाताशी येणारी स्वस्त तेले त्यात जात. सोफियाचे तेल मोतियात मिसळणे तर सर्वांत सोपे होते, कारण दोन्ही गवते एकाच मुलुखात होती.

रोशाने रसायनशास्त्राला एक महत्त्वाचा पदार्थ दिला. १८७१ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर याकोबसेन यांनी या तेलातून गुलाबाच्या वासाचा एक अल्कोहोल वेगळा काढला. तेल ‘जिरॅनियम’ नावाने ओळखले जात होते म्हणून त्या पदार्थाचे नाव जिरॅनिऑल पडले. चांगल्या मोतिया तेलात तो तीन चतुर्थांशाहून अधिक असतो. गुलाबात, सिट्रोनेलात, खऱ्या जिरॅनियमच्या पानांतही तो आढळतो, पण इतक्या स्वस्तात आणि इतका भरघोस तो त्या काळी रोशातच मिळे. साबण, अत्तरे आणि सुगंधी तंबाखू या तिन्ही धंद्यांनी त्याचा उपयोग केला.

पुढे धंदा आटला, त्याची कारणे बाजारात आणि डोंगरात, दोन्हीकडे होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जावा बेटावरच्या सिट्रोनेला मळ्यांतून जिरॅनिऑल येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर टर्पेंटाइनमधल्या पाइनीनपासून ते कारखान्यात बनवता येऊ लागले आणि त्याच्या किमतीपुढे ओढ्याकाठची भट्टी टिकणे कठीण झाले. डोंगरात १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगल राखीव होत गेले. गवत कापण्याचा हक्क आता लिलावात घ्यायचा, भट्टीच्या जळणालाही परवानगी हवी. ठेकेदार मधे आला आणि ज्या भिल्लांनी, पावरांनी आणि मावच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे रान राखले, ते आपल्याच डोंगरावर मजूर झाले. उतार नांगराखाली आले तसे गवताचे पट्टेही आक्रसले. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनस्पतिजन्य गौण वनोपजावर आदिवासींचा मालकी हक्क मान्य केला. रोशासारखे औषधी गवत त्या व्याख्येत बसते. तोपर्यंत भट्टी लावणाऱ्या हातांची पिढी बदलून गेली होती.

आज बाजारात येणारे रोशाचे तेल बरेचसे शेतातले आहे. १९५९ साली स्थापन झालेल्या आणि आज लखनौत असलेल्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने तृष्णा, तृप्ता, पीआरसी-१ असे सुधारित वाण तयार केले आणि ते कमी पाण्याच्या, हलक्या जमिनीत लावता येतात. मार्टिनने बी नेऊन पेरले होते तेही लखनौतच. एकदा लावलेले पीक काही वर्षे राहते आणि वर्षातून एकाहून अधिक कापण्या होतात. भट्टीची जागा स्टेनलेस स्टीलच्या टाकीने घेतली आहे. गवत पाण्यात न बुडवता जाळीवर ठेवतात आणि खालून वाफ सोडतात. त्यामुळे जळण वाचते आणि तेल स्वच्छ निघते.

घरगुती उपयोगात हे तेल संधिवातावर आणि कंबरदुखीवर चोळायला, केस गळत असतील तर डोक्याला लावायला आणि डास पळवायला वापरले गेले. यांतला डासांचा उपयोग आजच्या प्रयोगांतही टिकला आहे. जिरॅनिऑल डासांना खरोखर नकोसे असते आणि अमेरिकेत ते कमी जोखमीच्या कीटकनाशकांच्या यादीत आहे. फक्त उडून जाणारे असल्याने त्याचा परिणाम थोडाच वेळ राहतो. सांध्यावर चोळताना मिळणारा आराम काही अंशी चोळण्याचा आणि उबेचा असतो. जिवाणू आणि बुरशी यांच्यावर जिरॅनिऑलचा परिणाम प्रयोगशाळेत दिसतो, पण काचेच्या बशीतला परिणाम म्हणजे जखमेवरचा इलाज नव्हे.

सुगंधोपचार ही स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून नावारूपाला आली ती १९३७ मध्ये, फ्रेंच रसायनतज्ज्ञ रने-मोरिस गातफोसे यांच्या पुस्तकामुळे. त्या परंपरेत पामरोझा त्वचेचे तेल मानले जाते. सर्दी-छातीसाठी जे स्थान मिळाले ते मात्र निलगिरीला. निलगिरीचे झाड ऑस्ट्रेलियातले. ते १८४३ च्या सुमारास उटकमंडला लागले आणि तिथल्या डोंगराचे नाव घेऊन मराठी घराघरांत शिरले. खानदेशातल्या बऱ्याच घरांत आज निलगिरीची बाटली सापडेल, रोशाची सापडणार नाही. महाराष्ट्रात सामाजिक वनीकरणाच्या काळात मैदानी भागात लावलेली निलगिरी मुख्यतः वेगळ्या जातीची होती, लाकडासाठीची. औषधी तेल देणारी निळसर पानांची जात थंड डोंगरावरची.

दोन्ही तेलांचे धोके त्यांच्या मुख्य घटकांतून येतात, म्हणून ते वेगवेगळे आहेत. निलगिरी तेलात सत्तर टक्क्यांहून अधिक सिनिऑल असते. ते पोटात गेले तर काही मिलिलिटरमध्येच, विशेषतः लहान मुलांना, गुंगी, श्वास मंदावणे आणि झटके येऊ शकतात. निलगिरी आणि कापूर असलेली मलमे किंवा तेले वापरल्यावर झटके आलेले रुग्ण दक्षिण भारतातील मेंदूविकारतज्ज्ञांनी नोंदवले आहेत. त्यामुळे दोन वर्षांखालील बाळाच्या नाकाला, ओठाला किंवा छातीला हे तेल चोळण्याची सवय सोडून द्यायला हवी. फीट येणाऱ्या माणसानेही त्यापासून लांब राहावे. तेल चुकून प्यायले गेले तर उलटी काढण्याच्या फंदात न पडता थेट दवाखाना गाठावा, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरण्याची भीती असते.

रोशाच्या तेलाचा मेंदूवर असा तीव्र परिणाम होत नाही. त्याचा त्रास त्वचेला होतो. जिरॅनिऑल काही जणांच्या त्वचेला ॲलर्जी आणते, आणि एकदा आली की पुढे गुलाबाच्या अत्तरानेही खाज सुटू शकते, कारण तोच घटक तिथेही असतो. युरोपीय संघाने २००३ साली सौंदर्यप्रसाधनांतले २६ सुगंधी पदार्थ वेष्टनावर लिहिणे बंधनकारक केले, त्यांत जिरॅनिऑल आहे. अंगावर राहणाऱ्या उत्पादनात त्याचे प्रमाण ०.००१ टक्के आणि धुऊन जाणाऱ्यात ०.०१ टक्के यांहून जास्त असेल तर नाव छापावेच लागते. म्हणून निव्वळ तेल अंगाला लावू नये. ३० मिलिलिटर तिळाच्या किंवा खोबरेल तेलात साधारण ६ थेंब घातले की एक टक्क्याचे मिश्रण होते, मोठ्या माणसाला तेवढे पुरे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. गर्भारपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि पोटात तर घेऊच नये.

भेसळीचा जुना प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो. गुलाबतेलातली भेसळ गिऱ्हाइकाच्या खिशाला कात्री लावत होती; त्वचेवर लावायच्या तेलातली टर्पेंटाइनची भेसळ थेट पुरळ आणते. थंडीची परीक्षा मागे पडून आता गॅस क्रोमॅटोग्राफीने तेलातला एकेक घटक मोजता येतो. घेताना बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, मोतिया की सोफिया आणि तेल काढल्याचे वर्ष पाहावे. गाळलेले तेलही कायम तसेच राहत नाही. हवा लागून जिरॅनिऑल हळूहळू बदलते आणि तयार होणारे नवे पदार्थ मूळ तेलापेक्षा जास्त ॲलर्जी आणतात. यासाठी गडद काचेची, काठोकाठ भरलेली, घट्ट बुचाची बाटली थंड जागी, मुलांच्या हाताला येणार नाही अशी ठेवावी. अनेक वर्षे अर्धवट उघडी राहिलेली आणि वास उतरलेली बाटली अंगाला न वापरता फरशी पुसायच्या पाण्यात घालून संपवलेली बरी.